राहिलेलं पिल्लू

"खुडुक दिलीस तर दे बया. पर परत आली की आत घिऊ नगं. अंगनात बांध, ईस दिस तितंच ऱ्हाऊ दे. दुसऱ्याच्या घरचं काय अंगावर घिऊन यील, सांगता येत न्हाई."

धोंडाबाई हे बोलली तेव्हा तेजल शेडच्या दाराला बारीक जाळी ठोकत होती. तोंडात चार खिळे धरलेले, त्यामुळे नुसतीच हसली. मग खिळे हातात घेऊन म्हणाली, "मावशी, नियमच आहे तो. बाहेरचा पक्षी एकवीस दिवस वेगळा ठेवायचा. डॉक्टर मॅडमनी लिहूनच दिलंय."

"मंग झालं तर."

"पण ही बाहेरची कुठं? आपलीच आहे की."

धोंडाबाईनं तिच्याकडं बघितलं, नाकातून श्वास सोडला आणि काठी टेकत ओढ्याकडं निघून गेली. ओढ्यापलीकडं तिचं दोन खणांचं घर, आठ कोंबड्या, एक तुरेबाज कोंबडा. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, पोरबाळ झालं नव्हतं. आंदर मावळातल्या त्या वाडीत कुणाची कोंबडी पेंगायला लागली की माणसं आधी धोंडाबाईकडं जात. तेजल मात्र तळेगावच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली. म्हाताऱ्या माणसाचं ऐकून घ्यायचं, एवढंच तिनं केलं.

खुडुक कोंबडी मागितली होती रेणुकानं. रेणुका चुलत जाऊ, वयानं दहा वर्षांनी मोठी. दोघींच्या घरांमध्ये एक बांध आणि एक शेवग्याचं झाड. रेणुकाच्या कोंबड्या अंडी घालत, पण ती उबवायला बसत नव्हत्या. तेजलची तांबडी मात्र खुराड्याचा कोपरा धरून बसली होती, हात घातला की टोचत होती. वाडीत खुडुक मागायला आलेल्या बाईला नाही म्हणत नाहीत. विरजण मागायला आलेलीला म्हणत नाहीत, तसंच. फक्त परत देताना रीत आहे: कोंबडीबरोबर एक पिल्लू द्यायचं. पोसली त्याची आठवण म्हणून.

रेणुकानं पदराखाली तांबडी नेली. तेजल परत जाळी ठोकायला लागली.

त्या वर्षी तिचा सगळा जीव त्या एका कागदात अडकला होता. लोणावळ्याच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर, श्रीयश नावाचा पोरगा, फोनवर म्हणाला होता, "मॅडम, माल तुमचा एक नंबर आहे, पण गेस्ट विचारतात. पक्ष्यांचं आरोग्य प्रमाणपत्र आणा, दर आठवड्याची ऑर्डर फिक्स." नवरा अमृत तळेगावच्या कंपनीत कंत्राटावर, दर सहा महिन्यांनी ब्रेक, मग परत बोलावतील की नाही याची वाट बघणं. सासरे सोपानआबा भाताची दोन खाचरं आणि दोन म्हशी सांभाळत. समीक्षा सव्वा वर्षाची. तिला थंडीत दमा लागल्यासारखी छाती वाजायची आणि दवाखाना अठरा किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोनदा. ती ऑर्डर मिळाली तर थंडीचे चार महिने तळेगावात खोली घेऊन राहता येणार होतं, दवाखान्याच्या जवळ. एवढ्यासाठी तो कागद.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर अरुंधती मॅडम येऊन सगळं बघून, कोंबड्यांचं रक्तही एकदा तपासून गेल्या होत्या. मग कामाला लागणं आलं. शेडभोवती कुंपण. आत जायच्या दाराशी चुन्याच्या पाण्याचा हौद, त्यात पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही. शेडसाठी वेगळी चप्पल. म्हशींचं पाणी वेगळं, कोंबड्यांचं वेगळं. बदकं नकोतच. वहीत रोज लिहायचं: किती खाल्लं, किती मेल्या, कोण आलं, कोण गेलं.

बदकं विकायचा दिवस आला तेव्हा आबा रुसून दोन तास खाचराच्या बांधावर बसून राहिले. चुन्याच्या हौदावर तर त्यांचा रागच.

"देवळात जाताना बी एवढे पाय धुत न्हाई मी," ते म्हणाले.

"देवाला रोग होत नाही, आबा."

"आन् मला व्हतो व्हय?"

"तुमच्या पायाला चिकटून येतो."

"बघा! सून म्हनती सासरा रोगट हाय." पण पाय बुडवले. त्यानंतर कुणी पाहुणा आला की स्वतःच दारात उभे राहून ओरडायचे, "बुडीव, बुडीव! माजी सून डाक्टर हाय."

तेजलच्या तळहातांना तारेनं चिरा पडल्या, त्यात चुना गेला की डोळ्यांतून पाणी यायचं. पाठीला समीक्षाला बांधून ती शेडमधली घाण खरवडायची. पोरीनं तोंडात काही घातलं नाही ना, हे दर दोन मिनिटांनी मान वळवून बघायची. वाडीतल्या बाया हसत. रेणुका बांधावरून म्हणायची, "अगं, कोंबड्या हायेत का कलेक्टरच्या पोरी?"

चैत्रात एके दिवशी समीक्षाचा डोस होता. तेजल सकाळच्या एसटीनं गेली ती संध्याकाळी आली. पोरगी तापलेली, खांद्यावर मान टाकून कण्हत होती. शेडमध्ये दाणा टाकायला गेली तर दीडशे पांढऱ्या-काळ्यांत तांबडी. रेणुका येऊन कुंपणावरून आत सोडून गेली होती.

तेजलनं इकडंतिकडं बघितलं. खुराड्यात बघितलं, पाटीखाली बघितलं. पिल्लू नव्हतं.

"एक पिल्लू द्यायला जीव गेला हिचा," ती अमृतला म्हणाली. "बारा अंडी ठेवली होती. तिच्याच घरची, मीच मोजली होती."

"जाऊ दे गं. तिचा हातच आखडता हाय."

"हात आखडता असला तरी रीत आहे ना? म्हणून तर मी घरात नाही बघून टाकून गेली."

रात्रभर पोरीच्या कपाळावर पट्ट्या बदलताना ती रेणुकाचा चिक्कूपणा घोकत राहिली. पिल्लू का दिलं नाही, याचं उत्तर तिला इतकं लगेच सापडलं होतं की दुसरं शोधायची गरजच वाटली नाही. वहीत त्या दिवशी तिनं लिहिलं: नवीन पक्षी नाही.

वैशाखात अरुंधती मॅडम रक्त तपासायला आल्या. पांढरी फरशी, जांभळ्या औषधाची बाटली. तेजलनं एकेक कोंबडी धरायची, पंख उलटा करायचा. मॅडम आतल्या शिरेला सुई टोचून थेंबभर रक्त घेत, जांभळ्या थेंबात मिसळत, फरशी हलवत बसत. थेंब तसाच राहिला तर कोंबडी चांगली. दह्यासारखे दाणे धरले तर पांढऱ्या हगवणीचा रोग अंगात आहे. कोंबडी वरून धडधाकट दिसली तरी.

पहिल्या दहा चांगल्या निघाल्या. अकरावा थेंब फाटला. बारावा फाटला. पंधराव्याला मॅडमनी चष्मा वर केला.

"तेजल, बाहेरून पक्षी आणलात का?"

"नाही मॅडम."

"नक्की? हा रोग अंड्यातून पिल्लांत येतो, नाहीतर बाधलेल्या पक्ष्याच्या विष्ठेतून. तुमचा कळप गेल्या वेळी स्वच्छ होता."

तेजलच्या हातात तेव्हा तांबडी होती. मॅडमनी सुई टोचली. फरशी एकदाच हलवली आणि थेंब फाटला, बाकी सगळ्यांपेक्षा लवकर.

सत्तेचाळीस कोंबड्या निघाल्या. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या की या जिवंत विकता येणार नाहीत, माराव्या लागतील, पुराव्या लागतील. उरलेल्या महिन्याभरानं परत तपासू. प्रमाणपत्राचं आत्ता काही बोलता येणार नाही. आबांनी आंब्याखाली कुदळीनं खड्डा घेतला. उन्हानं जमीन दगड झालेली; दर घावाला ठिणगी उडत होती. तेजल एकेक कोंबडी देत गेली, अमृत माना मोडत गेला. कुठलीच आजारी दिसत नव्हती. पिसं चकचकीत, तुरे लाल, गळ्याखालच्या पिशव्या दाण्यानं टम्म. एकीनं हातातच अंडं घातलं. ऊन ऊन अंडं तेजलच्या मुठीत राहिलं आणि ते कुठं ठेवायचं हे तिला कळेना. शेवटी तेही खड्ड्यात टाकलं, वर चुना.

महिन्यानं परत एकोणीस निघाल्या. मग तिनं सगळाच कळप मोडला. शेड धुतलं, तीनदा चुना मारला आणि दाराला कडी घातली. श्रीयशनं दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा केला नाही.

धोंडाबाई तेव्हा आली. खड्ड्याकडं बघत उभी राहिली. म्हणाली, "तरी मी रेनुकाला सांगितलं व्हतं."

"काय सांगितलं होतं?"

"तिची पिलं बुडं चिकटून मेली ना सगळी. पांढरं फटक हगत व्हती. मला दावाया आनली व्हती सुपात घालून. म्या म्हनलं, कोंबडीतच खोट हाय का तुज्या अंड्यात हाय, द्येव जाने. पर कोंबडी त्या पिलांत बसलीय, ती आता तेजलला परत दिऊ नगं. तिचं लय मोठं काम चाललंय. तर म्हनली, व्हय मावशी."

तेजल खाली बसली. जमिनीवर पडलेलं एक पांढरं पीस तिनं उचललं, बोटांत फिरवलं.

बाराही मेली होती. म्हणून पिल्लू नव्हतं. द्यायला पिल्लूच नव्हतं, आणि हे रेणुकाला माहीत होतं. आपण मात्र तिला चिक्कू ठरवून रात्रभर खूश होतो.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एक गोष्ट बसली ती बसलीच. ती भांडायला गेली नाही. भांडलं की राग वाहून जातो, हे तिनं माहेरी बघितलं होतं, आणि तिला तो वाहून जायला नको होता. रेणुका दिसली की ती "काय ताई, जेवण झालं का?" म्हणायची. आषाढात दोघी एकाच खाचरात शेजारी वाकून आवणी करत होत्या. चिखल पोटऱ्यांपर्यंत, डोक्यावर इरलं, पावसाच्या माऱ्यानं बोटं पांढरीफटक. तेजल रोप रोवताना रेणुकाच्या हाताकडं बघत असायची. याच हातानं सोडली. कुंपणावरून, याच हातानं.

दिवाळीनंतर रेणुकाचा नवरा बजरंग टेम्पो भरून तलंगा, अंड्यावर यायच्या बेतातल्या तरण्या कोंबड्या, घेऊन आला, हॅचरीतल्या, तपासलेल्या. त्यांनी तेजलचंच कुंपण बघून कुंपण घातलं, तेजलचाच हौद बघून हौद बांधला. अरुंधती मॅडम आल्या, रक्त तपासलं, सगळे थेंब जागच्या जागी राहिले. रेणुकानं प्रमाणपत्राला काच लावून ते ओटीवर टांगलं, शेजारी सासऱ्याचा फोटो. पंधरा दिवसांनी रिसॉर्टची गाडी बांधापलीकडं उभी राहिली. श्रीयशनं तेजलला बघून हात केला आणि लगेच मोबाइलमध्ये मान घातली.

त्या थंडीत समीक्षाची छाती दोनदा भरली. दुसऱ्या वेळी एसटी चुकली, म्हणून अमृतच्या मोटरसायकलवर, दोघांच्या मधे पोरीला दाबून धरून, धुक्यातून अठरा किलोमीटर. तिच्या श्वासाचा आवाज तेजलला आपल्या फासळ्यांत ऐकू येत होता. ती प्रत्येक श्वासाला मनात एकच नाव घेत होती, आणि ते देवाचं नव्हतं.

संक्रांतीला रेणुकानं हळदीकुंकू केलं. सगळ्या बायांना वाणात सहा सहा अंडी वाटली, कागदी पिशवीतून. तेजलच्या कपाळाला कुंकू लावताना म्हणाली, "घे गं. पोरीला उकडून दे. तपासलेली हायेत, सर्टिफिकिटाची. भ्यायचं न्हाई."

बाया हसल्या. त्या हसण्यात तसं काही नव्हतं, पण तेजलनं प्रत्येकीचा चेहरा लक्षात ठेवला. ती अंडी तिनं घरी आणली नाहीत. वाटेत ओढ्याच्या दगडावर एकेक फोडली.

आणि मग आठ दिवसांनी, सकाळी पाणी भरताना, तिला बांधापलीकडचा आवाज कमी झालेला जाणवला.

तिचे कान त्या शेडला महिनोन्महिने लागलेले होते, त्यामुळे बाकी कुणाच्या आधी तिलाच कळलं. दुपारी बजरंग गोणी घेऊन मागच्या बाजूनं ओढ्याकडं उतरला. संध्याकाळी परत. दुसऱ्या दिवशी तीन गोण्या. तेजल धुणं घेऊन ओढ्यावर गेली. करवंदीच्या जाळीखाली माती उकरलेली होती आणि कुत्र्यानं एक कोंबडी बाहेर ओढली होती. तिनं काडीनं उलटी करून बघितली, लांबूनच, नाकाला पदर लावून. तुरा निळाकाळा. डोकं सुजलेलं. पायांवर लाल डाग.

हा पांढऱ्या हगवणीचा रोग नव्हता. तिनं आठवडाभर मोबाइलवर वाचलेल्या बर्ड फ्लूच्या बातम्यांत हाच फोटो होता. घरी येऊन तिनं समीक्षाचे हात कोपरापर्यंत साबणानं धुतले, पोरगी घराबाहेर गेलीसुद्धा नव्हती तरी.

त्याच दुपारी रेणुका आली. पहिल्यांदाच मागच्या दारानं. चेहरा उतरलेला, केस तेलावाचून विस्कटलेले. चुलीपुढं बसली.

"तेजल, तू वढ्यावर गेलतीस."

"धुणं होतं."

"कुनाला बोलली न्हाईस ना?"

तेजलनं चहाचं आधण ठेवलं. "काय झालंय कोंबड्यांना?"

"थंडी लागली. दुसरं काय न्हाई. परवा शनवार हाय, गाडी येती. तेवढ्या गेल्या की बाकीच्याचं बघू. दोन दिस. दोनच दिस गप बस, बाई. तुला मॅडम मानतात, त्या कदी तुलाच फोन करतील, म्हनून सांगते."

"आजारी कोंबड्या लोकांना खायला घालणार?"

"चांगल्या चांगल्या निवडून दिऊ की. आन् शिजवल्यावर काय ऱ्हातंय?" रेणुकानं तिचा हात धरला. हात गार होता, आणि खरखरीत. चुन्याच्या चिरा तिच्याही तळहाताला होत्या. "सगळं त्या शेडात घातलंय गं. ह्यांनी गाडी इकली त्याच्यापायी."

तेजलनं हात सोडवला नाही. आल्याचा तुकडा ठेचला. चहात टाकला.

"ताई, माझं एक पिल्लू राहिलंय तुमच्याकडं."

"कसलं पिलू?"

"तांबडी नेली होती ना तुम्ही. खुडुक."

रेणुकाचा हात आपसूक सुटला. चुलीतलं लाकूड तडकलं.

"ती... ती मेलती गं सगळी."

"कशानं?"

रेणुका चुलीतलं लाकूड आत सारायला लागली.

"ते तेव्हा सांगायचं होतं. एवढंच. कुंपणावरून सोडायच्या ऐवजी दारात उभं राहून एवढंच म्हणायचं होतं की तेजल, पिल्लं मेली."

"मला वाटलं तुझी कोंबडी मी मारली असं म्हनशील. वाडीभर नाचक्की. मला काय ठाऊक तुज्या सगळ्यांना..." ती पुढं सरकली. "पाया पडू का? पडते."

"चहा घ्या," तेजल म्हणाली. कप तिच्यापुढं सरकवला. "मी कुणाला काही बोलत नाही. जा तुम्ही निवांत."

रेणुकानं चहा पिताना दोनदा डोळे पुसले. जाताना समीक्षाच्या गालाला हात लावायला गेली, तर तेजलनं पोरीला पटकन उचलून घेतलं.

वाडीत मोबाइलला रेंज येते-जाते, बोलता बोलता फोन तुटतो. सलग बोलायचं तर वरच्या माळावर जावं लागतं, पिवळ्या गवतातून चढ चढून. तेजल पोरीला कडेवर घेऊन चढली. चढताना ती स्वतःला सांगत होती: शनिवारी तो माल लोकांच्या पोटात जाईल, लहान पोरं असतील त्यांत. माझी पोरगी बांधाच्या अलीकडं आहे. सांगणं माझं कामच आहे. सगळं खरं होतं. तरी पायांत जो जोर होता तो त्याचा नव्हता, हे तिला चढतानाच कळत होतं.

वरून सगळं दिसतं. आपलं रिकामं शेड, रेणुकाचं पत्र्याचं शेड, ओढा, आणि ओढ्यापलीकडं धोंडाबाईचं कौलारू घर, त्यातून निघणारा धूर. वाडीतून तिथं जायला ओढ्याला वळसा घालून अर्धा तास लागतो. वरून मात्र रेणुकाच्या शेडाचं आणि म्हातारीच्या घराचं, दोन्ही छपरं हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ दिसतात. नियम तेजलला पाठ होता: रोग नक्की झाला की एक किलोमीटरच्या वर्तुळातला प्रत्येक पाळीव पक्षी मारायचा. वर्तुळ पायवाटेनं वळसे घेत नाही, हे सांगायला बी.एस्सी. लागत नाही.

ती वळली. ओढ्याकडं पाठ केली. त्या बाजूला रेंजही बरी होती.

"मॅडम, तेजल बोलतेय," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी मॅडम आल्या, नमुने घेतले, शेडला सील ठोकलं. शनिवारी गाडी आलीच नाही. पाच दिवसांनी भोपाळच्या प्रयोगशाळेतून निकाल आला, बर्ड फ्लूच, आणि सहाव्या दिवशी सकाळी दोन जीपगाड्या भरून माणसं आली. पांढरे पोशाख, डोळ्यांवर चष्मे, हातांत दुहेरी मोजे. रेणुकाच्या शेडला चार तास लागले. आधी आवाज होता, मग कमी कमी होत गेला, मग फक्त गोण्या ओढल्याचा. बजरंग शेवग्याखाली उकिडवा बसला होता. रेणुका ओटीवर उभी राहून तेजलच्या दाराकडं बोट करून ओरडत होती, "चहा पाजून गळा कापला माजा! चहा पाजून!"

तेजल खिडकीत उभी होती. तिनं शेवटच्या गोणीपर्यंत बघितलं. तिला बरं वाटत होतं. ते लपवून काय करायचं? मोडलेलं हाड जागेवर बसावं तसं बरं वाटत होतं.

आबा मागून म्हणाले, "आता तीन-चार म्हयनं हितं कोंबडी आनता येनार न्हाई. तुजी नवी पिलं बी सांगून ठिवली व्हतीस तू, फागुनासाठी."

"माहीत आहे."

"फोन करताना म्हाईत व्हतं?"

"हो."

आबांनी तिच्याकडं बघितलं. मग म्हशींना पाणी दाखवायला गेले.

दुपारी पांढरे पोशाख वाडीत घरोघर फिरले. कुणाच्या चार, कुणाच्या सहा. बाया रडल्या, पोरं कोंबड्या घेऊन माळावर पळाली, त्यांना धरून आणलं. तीन वाजता मॅडमनी मोबाइलवरच्या नकाशात बघितलं आणि म्हणाल्या, "ओढ्यापलीकडं एक घर राहिलंय. साडेसहाशे मीटर."

हे तेजलला कळलं तोवर माणसं तिकडं गेलीही होती; तेव्हा ती धावली. समीक्षाला आबांकडं टाकून, चपलेशिवाय, ओढ्याला वळसा न घालता, सरळ दगडांवरून, कमरेपर्यंत भिजत. पोचली तोवर सहा कोंबड्या मारून झाल्या होत्या. धोंडाबाई जोत्यावर बसली होती. मांडीवर तुरेबाज कोंबडा, त्याच्या पाठीवर तिचा हात.

"ह्याला काय झालंय?" ती त्या पोशाखातल्या माणसाला विचारत होती. "ह्यो काल बी आरवला, आज बी आरवला. माज्या कोंबड्यांना झालंय काय, ते तरी सांगा की रं लेकरांनो."

"काही नाही झालं आज्जी. पण नियम आहे."

त्यानं कोंबडा अलगद उचलला. खरंच अलगद. मागं वळून, तिला दिसू नये असं, त्यानं मान फिरवली. पण म्हातारीला ऐकू कमी येतं, दिसतं मात्र चांगलं.

माणसं गेल्यावर अंगणात पिसं उरली. धोंडाबाईनं तेजलचे ओले पाय बघितले.

"कुनी कळिवलं गं?"

तेजल खोटं बोलू शकली असती. "मी," ती म्हणाली.

म्हातारी रागावेल, शिव्या घालेल, काठी उगारेल असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर सोपं होतं. धोंडाबाईनं नुसती मान हलवली, नाकातून श्वास सोडला, जसा त्या दिवशी तेजल जाळी ठोकत असताना सोडला होता. आत गेली. कडी लावली.

त्याला आता सव्वा महिना झाला. रेणुका माहेरी गेली आहे. बजरंग बांधावरून जाताना थुंकतो. त्याचं तेजलला काही वाटत नाही, आणि परत तशी वेळ आली तर ती परत माळ चढेल. पण रोज सकाळी ती झाकलेल्या ताटात भाकरी-कालवण घेऊन ओढ्यापलीकडं जाते, कडी वाजवते, हाक मारते. दार उघडत नाही. ताट जोत्यावर ठेवून येते; दुसऱ्या दिवशी ते कधी रिकामं असतं, कधी कुत्र्यानं चाटलेलं, आणि म्हातारी जेवली की कुत्रं जेवलं हे तिला कळत नाही. परवापासून कौलांतून धूर दिसलेला नाही. आबांनी हाका मारल्या, अमृतनं मारल्या. आतून एकदा काठी आपटल्याचा आवाज आला, असं अमृत म्हणतो. तेजलनं तो ऐकला नाही. आपल्या घरच्या कुणाला ती दार उघडणार नाही, एवढं तिला कळून चुकलं आहे.

म्हणून तेजलचं तुमच्याकडं एक मागणं आहे. तुम्ही परके आहात, तुमच्याशी तिचं वैर नाही. कधी कान्ह्याला उतरून टाकव्याच्या पुढं, आंदर मावळाच्या बाजूला आलात, तर वाडीच्या अलीकडंच थांबा, ओढ्याला वळसा घाला. आज-उद्यातच आलात तर बरं. रिकामं खुराडं दिसेल, ते धोंडाबाईचं घर. कडी जोरात वाजवा, तिला ऐकू कमी येतं. दार उघडलं तर आत जाऊन बघा: चूल पेटते का, हंड्यात पाणी आहे का, उठून बसता येतं का तिला. कुणी पाठवलं असं विचारलं तर तेजलनं पाठवलं म्हणून सांगा. ती शिव्या देईल. मुकाट्यानं ऐकून घ्या, आणि तेवढ्या येऊन तेजलला सांगा, एकही न गाळता. शिव्या दिल्या असतील तर ती बरी आहे.